तेविसावे नाव

उंब्रज गावात, महामार्गापासून जरा आत, नानासो साळुंखे यांचे घर आहे. त्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. पूर्वी तीत बियाणे आणि पेंडीची पोती असत. आता तीत चपलांच्या खोक्याहून थोडा मोठा असा एक काळा संगणक अहोरात्र जागा असतो. त्याच्या शेजारी दोन बॅटऱ्या, दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या इंटरनेटच्या तारा, एक टेबलपंखा, आणि भिंतीच्या खिळ्याला सुतळीने बांधलेली एक लांबट नोंदवही. वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, यंत्र किती तापले, हे सर्व नानासो त्या वहीत निळ्या शाईने लिहून ठेवतात. यंत्र आपले सगळे आपणच लिहून ठेवते, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु यंत्राची नोंद यंत्रापाशी आणि माणसाची माणसापाशी, असे त्यांचे मत आहे.

ह्या यंत्रावर ‘आज्ञाकोश’ नावाची वेबसाइट नांदते. संगणकाला आज्ञा लिहून देण्याची जी विद्या, जिला सर्वजण प्रोग्रॅमिंग म्हणतात, ती मराठीतून शिकणाऱ्या चार हजार मंडळींचा हा संदर्भग्रंथ होय. कोणती आज्ञा कशासाठी आहे, ती कशी लिहावी, आणि तिचे एक उदाहरण, असे एकेका आज्ञेला एकेक पान आहे. दूध संस्थेतला कारकून, शिरवळच्या कारखान्यातला फिटर, मिरजेच्या दवाखान्यात नोंदी ठेवणारी मुलगी, अशी माणसे ती पाने उघडतात, उदाहरण उचलतात आणि आपल्या कामाला जोडून घेतात. ही मंडळी जमविली सांगलीच्या शौनक सरांनी. ते एका महाविद्यालयात संगणक शिकवतात. परंतु देऊळ बांधणारा निराळा आणि रोज दिवा लावणारा निराळा. सात वर्षांपूर्वी सर कामाच्या ओझ्याने थकले, तेव्हा “हे मी सांभाळतो” असे म्हणून नानासोंनी ते यंत्र एसटीतून मांडीवर घेऊन गावी आणले.

नानासोंची शाळा दहावीपर्यंत. पुढची शाळा फौजेतली. चोवीस वर्षे त्यांनी सिग्नलच्या पलटणीत संदेश घेतले आणि दिले. तिथे पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून नोंदवहीत एक वेळ चुकीची लिहिली गेली होती, आणि त्यांनी ती ब्लेडने हलकेच खरवडून वर दुसरी लिहिली होती. उस्तादांनी कागद उजेडाकडे धरला. मग पाठीवर बॅटरी बांधून मैदानाला अकरा फेऱ्या मारायला लावल्या, आणि तरुण नानासो धापा टाकीत उभे असता शांतपणे सांगितले, की चूक लपविली म्हणजे ती दोनदा होते, एकदा लिहिणाऱ्याच्या हातून आणि एकदा वाचणाऱ्याच्या. चुकलेल्या नोंदीवरून एक सरळ आडवी रेघ ओढायची, शेजारी आपली सही आणि तारीख घालायची, आणि खाली बरोबर नोंद करायची. पुसायचे काहीही नाही.

हाच नेम नानासोंनी आज्ञाकोशाला लावला. एखादे उदाहरण चुकीचे निघाले, तर इतर संकेतस्थळांवर ते गुपचूप बदलतात. आज्ञाकोशावर मात्र चुकलेले उदाहरण जागेवरच राही. त्याच्या प्रत्येक ओळीवरून तांबडी रेघ जाई, टोकाला ‘ना. सा.’ अशी सही व तारीख येई, आणि त्याखाली बरोबर उदाहरण. मंडळी थट्टा करीत. “नानासोंची लाल रेघ म्हणजे सरकारी शिक्का,” असे कुणी लिही. कुणी विचारी, “काका, लग्नाच्या पत्रिकेतली चूक पण अशीच ठेवता का?” नानासो नुसते हसत. सात वर्षांत त्यांनी एक अक्षर पुसले नव्हते, याचा त्यांना मनातून अभिमान होता.

गेल्या दिवाळीत त्यांनी आणखी एक उपकाराचे काम केले. ज्यांच्या गावी नेटवर्क बेताचे, त्यांच्यासाठी प्रत्येक पानाची ‘साधी प्रत’ काढली. तिच्यात रंग नाही, चित्र नाही, सजावट नाही, नुसती अक्षरे. डोंगरकपारीच्या वाडीतही ती चुटकीसरशी उघडे. अक्षर न् अक्षर मूळ पानाशी जुळते की नाही, हे त्यांनी दोनशे पाने डोळ्यांखालून घालून पाहिले. सर्व जुळत होते.

वैशाखातल्या एका सकाळी, नऊच्या सुमारास, नानासो पंख्याची धूळ पुसत असता फोन वाजला.

“नानासो साळुंखे काका का? मी शिवांजली बोलतेय, खडकेवाडीवरनं. आमच्या पाणी संस्थेत कामाला आहे. तुमच्या आज्ञाकोशावरच शिकले मी.”

खडकेवाडी हे सांगली जिल्ह्यातले गाव. नदीवरून पंपाने पाणी उचलून पाटाने शेतोशेती देणारी तिथे एक सहकारी संस्था आहे. सभासद तेवीस. दर बारा दिवसांनी प्रत्येकाची पाळी येते. पूर्वी पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी सोडणारा माणूस, घरोघर जाऊन “उद्या तुझं दार” असे सांगे. चैत्रापासून ते काम शिवांजलीने लिहिलेला प्रोग्रॅम करीत होता. यादीतल्या एकेका नावाला आदल्या दिवशी मोबाइलवर संदेश जाई, आणि ज्याला संदेश जाईल तो आपल्या शेताचे दार, म्हणजे पाटाच्या तोंडाची फळी, उघडी.

“मग अडलं कुठं, बाळ?” नानासोंनी विचारले.

“तेवीस सभासद आहेत काका. संदेश बाविसांनाच जातोय. शेवटच्या अनसूया मावशींना तीन पाळ्या झाल्या, एकही गेला नाही. छत्तीस दिवस त्यांच्या रानात पाणी नाही. नवी लावण आहे उसाची.”

“छत्तीस दिवस? आणि त्या बाई बोलल्या नाहीत?”

पलीकडे मुलीचा आवाज बारीक झाला. “काल आल्या होत्या ऑफिसात. तक्रार नाही केली. नुसतं विचारलं, ‘पोरी, माझं नाव कमी केलंय का? कमी केलं असंल तर तेवढं सांग, म्हंजे मी वाट बघायची न्हाई.’”

नानासो खुर्चीवर बसले. “तुझ्या प्रोग्रॅममधली यादी मोजायची ओळ वाच बघू.”

तिने वाचली. त्या ओळीतले शब्द नानासोंच्या ओळखीचे होते. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच ते उदाहरण लिहिले होते. संगणक मोजणी शून्यापासून करतो, म्हणून शेवटचा आकडा एकाने कमी धरावा लागतो. परंतु त्या आज्ञेत ही वजाबाकी संगणक आपण होऊनच करतो. नानासोंना तेव्हा हे उमगले नव्हते, आणि त्यांनी आपल्या हाताने आणखी एक वजा केला होता. दोन वजाबाक्या झाल्या, आणि यादीतले शेवटचे नाव बाहेर पडले. चार महिन्यांनी ही चूक त्यांच्या ध्यानात आली होती आणि त्यांनी तिच्यावर रेघ ओढली होती.

त्यांनी लगबगीने पान उघडले. तांबडी रेघ जागेवर होती. सही होती, तारीख होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“अगं, ते उदाहरण खोडलेलं आहे. लाल रेघ दिसली नाही का तुला?”

“रेघ? कुठली रेघ काका? आमच्या ऑफिसात नेटवर्क नसतं, मी साधी प्रत वाचली. तिच्यात दोन उदाहरणं होती, एकाखाली एक. पहिल्याच्या शेवटी तुमची सही होती. दुसऱ्याला सही नव्हती. मग मी सहीवालंच घेतलं.”

नानासोंनी साधी प्रत उघडली. तिच्यात सर्व अक्षरे जशीच्या तशी होती. परंतु रेघ हे अक्षर नव्हे. रंगांबरोबर आणि चित्रांबरोबर तीही सजावट समजून गळून गेली होती. चुकीचे उदाहरण आणि बरोबर उदाहरण दोघे सख्ख्या भावांसारखे शेजारी उभे होते, आणि त्यातल्या खोट्याच्या कपाळी ‘ना. सा.’ असा टिळा होता. जी सही ‘हे मी खोडले’ असे सांगण्यासाठी घातली होती, तीच आता ‘हे माझ्या शब्दावर घ्या’ असे सांगत होती.

“काका, आहात ना?”

“आहे. तुझी चूक नाही, बाळ. तुझी ओळ आत्ताच्या आत्ता सुधार. पाण्याचं काय करायचं ते आपण बघू.”

“उद्या सभा आहे. चेअरमन म्हणालेत, पोरीचा प्रोग्रॅम बंद करा आणि पोरीलाही.”

फोन ठेवल्यावर नानासोंनी प्रथम सांगलीला शौनक सरांना सर्व वृत्तांत कळविला. सरांनी सर्व ऐकून घेतले.

“नानासो, ते पान काढून टाका. आत्ताच. मूळचंही आणि साध्या प्रतीतलंही.”

“सर, पुसायचं?”

“हो, पुसायचं. तुम्हाला ठाऊक आहे, जूनपासून आमचं महाविद्यालय आज्ञाकोश अधिकृत संदर्भ म्हणून लावणार आहे. दोन वर्षं त्या समितीच्या मागं लागलोय मी. आठशे मुलं मराठीतून शिकतील. परवा बैठक आहे. आणि तुम्ही बैठकीच्या तोंडावर आमच्या पानामुळं उसाचं रान वाळलं म्हणून दवंडी देणार? त्या बाईंना पाणी मिळवून द्या, त्या मुलीला मदत करा, मी पण येतो हवं तर. पण जाहीर कशाला? कुणाचं भलं होणार आहे त्यानं?”

सर लबाड नव्हते. नऊ वर्षे पदरचा वेळ घालून त्यांनी हे रोप वाढविले होते, आणि त्याला फळ धरण्याच्या दिवशीच हा वळीव आला होता. नानासोंनी “बघतो” एवढेच म्हटले.

दुपारी जेवायला बसून ते भाकरी नुसतीच मोडीत राहिले. पत्नी अंजनाबाई समोर बसून कांदा फोडीत होत्या. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा वाचण्याची विद्या त्यांनी कोणत्याही संदर्भग्रंथाशिवाय मिळविली होती.

“काय मोडलं मशीनचं?”

“मशीनचं न्हाई. माझं.” आणि नानासोंनी सर्व सांगितले. शेवटी म्हणाले, “सर म्हणत्यात, पुसून टाका. सर शिकलेली मानसं. त्यांच्या म्हणन्यातबी अर्थ हाय.”

“हाय की. पुसा.” अंजनाबाई शांतपणे म्हणाल्या. “तुमी पुसल्यावर त्या पोरीच्या मशीनातलं पुसलं जानार व्हय?”

“न्हाई. तिनं उचलून नेलंय ते तिच्यापाशी.”

“आन तिच्यागत आनिक कुनी उचलून नेलं असंल तर?”

नानासोंनी ताट जरा बाजूला सारले.

“आवं, परसात उंदराच्या इकाची पुडी सांडली, आन चार घरची जनावरं चरून गेली,” त्या पुढे म्हणाल्या, “तर मानूस आधी परस झाडतंय, का आधी चार घरी सांगाय पळतंय? जेवा आता. मी केलेल्या आमटीनं तुमचं काय वाकडं केलं न्हाई.”

दिवाळीपासून ती साधी प्रत किती जणांनी उतरवून घेतली होती, हे यंत्राच्या नोंदीत पाहण्याजोगे होते. नानासोंनी पाहिले. ते एक पान तीनशे चाळीस वेळा उतरविले गेले होते. कोणी, हे यंत्राला ठाऊक नव्हते. तीनशे चाळीस घरी जाऊन सांगण्याचा एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे चव्हाट्यावर उभे राहणे.

तरीही त्या सायंकाळी ते धजावले नाहीत. आठशे मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे येत. जाहीर निवेदनाचा मजकूर त्यांनी लिहिला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. आधी त्या बाईंना तोंड दाखवावे, मग काय ते, असे मनाशी ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोटारसायकल काढली. कऱ्हाड मागे टाकून, उन्हाच्या झळा अंगावर घेत, विचारीत विचारीत ते अकराच्या सुमारास खडकेवाडीस पोहोचले.

संस्थेच्या कचेरीसमोर पत्र्याच्या मांडवात पंधरावीस शेतकरी बसले होते. शिवांजली कडेला फायली छातीशी धरून उभी होती. चोवीस वर्षांची, सडपातळ, डोळे सुजलेले. चेअरमन विश्वजीत खुर्चीत रेलून बसले होते, आणि मांडवाच्या मागच्या टोकाला, खाली जमिनीवर, पदर सावरून एक साठीची बाई बसली होती. त्याच अनसूयाबाई, हे कुणी सांगावे लागले नाही. सभा त्यांच्याविषयी होती, तरी सर्वांत मागे, उन्हाच्या कडेला त्याच बसल्या होत्या.

“हं, बोला फौजी,” विश्वजीत म्हणाले. शिवांजलीने त्यांना आधी कळविले होते. “मशीन चुकलं का पोरगी चुकली, एवढंच सांगा. आमाला दुसरं काय नगं.”

“मशीन चुकलं नाही आणि पोरगीही चुकली नाही,” नानासो उभे राहून म्हणाले. “मी चुकलो.”

त्यांनी दोन कागद आणले होते, एकावर लाल रेघेचे पान आणि दुसऱ्यावर साधी प्रत. ते कागद हातोहात फिरले. नानासोंनी खडूने कचेरीच्या दारावर तेवीस उभ्या रेघा ओढल्या आणि शिवांजलीच्या प्रोग्रॅमने त्या कशा मोजल्या ते दाखविले. बाविसावीपाशी बोट थांबले. शेवटची रेघ तशीच उरली.

मांडवात कुजबुज झाली. मग एक म्हातारा काठी टेकीत उठला. डोईला पिवळसर फेटा, आवाज मात्र खणखणीत. तो बिराप्पा, एकतीस वर्षे त्या पाटाचा पाटकरी.

“मला तीन पाळ्या झाल्या दिसत हुतं, अनसूयाचं दार बंद हाय.”

“आन तू गप बसलास?” विश्वजीत गरजले.

“मला वाटलं तुमीच नाव कमी केलं. मशीन आल्यापास्नं मला कुनी इचारतंय व्हय? मी आपला चाक फिरवनारा.”

“तुला काय वाटलं गं अनसूयाकाकू?” कुणीतरी विचारले.

अनसूयाबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. “मला काय वाटायचं? टेलचं रान माझं. पाटाच्या शेपटाला बसलेल्याला कवा मिळतंय, कवा न्हाई. मला वाटलं, हेबी तसंच.”

सर्वांच्या लक्षात एकच गोष्ट आली, की यंत्राने चूक केली खरी, परंतु ती ओळखू आली नाही, कारण ती माणसांच्या जुन्या वागण्यासारखीच दिसत होती. मधल्या कुणाचा संदेश चुकला असता, तर दुसऱ्या दिवशी दंगा झाला असता. शेवटच्याचा चुकला, आणि खुद्द शेवटच्यालाही ते रीतीला धरूनच वाटले.

“बाविसाव्याचा ऊस मातर छातीला लागलाय,” मागून एक जण हळूच म्हणाला, आणि हशा पिकला. बाविसावा सभासद अमृत, तरणा गडी, कानापर्यंत लाल झाला. अनसूयाबाईंचे दार बंद असल्याने उरलेले पाणी तीन पाळ्या त्याच्याच रानात मुरले होते.

“मला तरी काय म्हाईत?” तो पुटपुटला. मग म्हणाला, “परवा माझी पाळी हाय. ती काकूला द्या. पुरी द्या.”

विश्वजीतांनी मिशीवरून बोट फिरविले. “ठीक. पोरीचं काम ऱ्हाऊ दे. पर फौजी, पुन्हा असं हुनार न्हाई, ह्याची खातरी काय?”

खात्री या शब्दाशी चोवीस वर्षे आणि वर सात वर्षे त्यांचे नाते होते, आणि आज ते नाते तुटल्यासारखे वाटत होते. तेव्हा पुन्हा बिराप्पाच बोलला.

“मी हाक माराय जायाचो, तवा पयली हाक टेलला द्यायचो. माझ्या आज्ज्यापास्नंची रीत हाय. वरच्या अंगाचा गडी पाटाच्या काठालाच असतोय, त्याला पानी दिसतंय. शेवटाला काय दिसत न्हाई. त्याला हाक पोचली म्हंजी समद्यास्नी पोचली. आवं नाना, तुमच्या मशीनाला हे कुनी सांगितलं न्हाई का?”

नानासोंनी खिशातून कालचा घडी केलेला कागद काढला, त्याच्या पाठीवर ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले, आणि खाली बिराप्पाचे नाव लिहिले.

परतण्यापूर्वी ते अनसूयाबाईंबरोबर त्यांच्या रानाकडे गेले. साठ गुंठे जमीन, पाटाच्या अगदी टोकाला. उसाची रोपे गुडघ्याखालीच खुंटली होती, पाने सुरळी होऊन पिवळी पडली होती. शेजारच्या विहिरीचे मागून आणलेले पाणी जिथवर पोहोचले, तेवढ्या चार सऱ्या हिरव्या होत्या. नानासो बांधावर उभे राहिले. फौजेतून आलेल्या माणसाला माफी मागण्याचा सराव नसतो.

“बाई, माझ्यामुळं झालं हे.”

“माझा ल्योकबी फौजेत हाय,” अनसूयाबाई म्हणाल्या. “त्यो म्हंतो, तिथं चुकलं की फेऱ्या माराय लावत्यात. तुमी उनाचं एवढ्या लांब आला, त्याच फेऱ्या समजायच्या. हेच्यातलं निम्मं तर जगंल. च्या घ्या.”

त्या सायंकाळी घरी पोहोचताच नानासोंनी हातपायही न धुता आज्ञाकोशाच्या पहिल्या पानावर निवेदन लिहिले. ते येणेप्रमाणे होते. आमच्या एका खोडलेल्या उदाहरणावरची रेघ साध्या प्रतीत उमटली नाही. ही चूक माझी आहे. दिवाळीपासून ज्यांनी यादी मोजण्याचे उदाहरण साध्या प्रतीतून घेतले असेल, त्यांनी आपल्या यादीतले शेवटचे नाव आजच तपासावे. त्या नावाला कदाचित काहीही मिळालेले नसेल आणि त्याने तक्रारही केलेली नसेल. खाली पूर्ण नाव, गाव आणि तारीख. मग त्यांनी शौनक सरांना एका ओळीचा निरोप पाठविला, ‘पुसले नाही, क्षमा असावी.’

सरांचे उत्तर आले नाही. त्या दिवशी नाही आणि बैठकीच्या दिवशीही नाही.

परंतु दुसऱ्यांची उत्तरे येऊ लागली. एका दूध संस्थेच्या कारकुनाने लिहिले, की त्यांच्या यादीतल्या शेवटच्या गवळणीला पाच महिने दुधाच्या प्रतीची पावती गेली नव्हती. वाळव्याकडच्या एका शाळेतले शिक्षक म्हणाले, की वर्गातल्या शेवटच्या क्रमांकाच्या मुलीच्या आईला दिवाळीनंतरच्या एकाही पालकसभेचा निरोप मिळाला नव्हता, आणि ‘ह्या आईला मुलीची पर्वा नाही’ असे ते स्वतः तेव्हापासून समजत होते. मिरजेहून एक मुलगी नुसते इतकेच लिहून गेली, ‘तपासले. आमचाही शेवटचा पेशंट. आता जातोय संदेश. आभार.’ शनिवारपर्यंत अशी अकरा नावे झाली. नानासोंनी ती अकराही आपल्या वहीत उतरवून घेतली.

साध्या प्रतीचे कामही त्यांनी त्याच आठवड्यात पुरे केले. आता खोडलेल्या प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘चूक, वापरू नये’ असे शब्दांनी लिहिलेले असते, कारण रेघ वाटेत गळून पडू शकते, शब्द पडत नाही. सहीपुढे ‘यांनी खोडले’ असे असते. आणि याद्यांच्या प्रत्येक पानावर तळाशी एक सूचना असते. ‘प्रोग्रॅम तपासताना पहिली हाक शेवटच्या नावाला द्यावी. त्याला पोचली म्हणजे सर्वांना पोचली. रीत सांगणारे, बिराप्पा, पाटकरी, खडकेवाडी.’

रविवारी सकाळी शौनक सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

“समितीनं एक वर्ष पुढं ढकललं, नानासो.”

“सर, माझ्यामुळं.”

“हो, तुमच्यामुळंच. मी दोन दिवस रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. त्या शाळेच्या मास्तरांचं वाचलं मी. पर्वा नाही असं समजत होते म्हणाले, ते. मी पण एक-दोन मुलांविषयी असंच काहीबाही समजून बसलोय. उद्या हजेरीची यादी उलट बाजूनं वाचणार आहे.” आणि मग, कडक मास्तरांच्या सुरात, “समितीला पुढच्या वर्षी पुन्हा भेटायचंय. तेव्हा तुम्ही यायचं. त्यांना ती लाल रेघ तुमच्या तोंडून कळायला हवी.”

नानासोंनी “येतो” म्हटले आणि फोन ठेवला. वाईट वाटायचे ते वाटलेच. आठशे मुलांचे एक वर्ष गेले होते, आणि ते भरून येणारे नव्हते.

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी पावणेआठच्या सुमारास, अंजनाबाई अंगणात भांडी घाशीत होत्या आणि नानासो यंत्राच्या खोलीत बॅटऱ्यांचे पाणी बघत होते. अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडून आधी नुसताच खळखळाट ऐकू आला. मग अनसूयाबाईंचा आवाज.

“आवं नाना, ऐकू येतंय का?”

“येतंय बाई. काय झालं?”

“काल माझा फोन वाजला. मला वाचाय येत न्हाई, शेजारच्या पोराकडनं वाचून घेतलं. ‘अनसूया, उद्या तुमची पाळी’ असं लिवलंय म्हनं. अमरुतनं दिली ती त्याची हुती. ही माझी हाय. पानी आलंय बगा. बिराप्पा हितंच हुबा हाय, म्हंतो, नानास्नी आवाज ऐकव.”

खळखळाट जवळ आला. कुणीतरी फोन पाटाशी धरला असावा. नानासो ऐकत राहिले. अंगणातून अंजनाबाईंनी विचारले, “कुनाचा हाय ओ?” त्यांनी हाताने ‘थांब’ अशी खूण केली.

फोन बंद झाल्यावर त्यांनी खिळ्याची वही ओढली. ती वही यंत्राची होती. वीज आणि उष्णता यांखेरीज तिच्यात काही लिहायचे नाही, असा त्यांचाच दंडक होता. त्यांनी घड्याळ पाहिले आणि निळ्या शाईने, एकेक अक्षर कोरीत, नोंद केली.

‘०७:४८. क्रमांक तेवीस, पाणी पोहोचले. ना. सा.’